मुलीची जत्रा आणि बापाचा पाय

“डॉक्टर, पोलिओ परत येतो का हो?”

मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. वय बावन्न, लहानपणी उजव्या पायाला पोलिओ झालेला. तीस वर्षे नोकरी केली, लोकलने रोज ये-जा केली, पायाने कधी अडवले नाही. आता मात्र वर्षभरापासून जिना चढताना मांडी थरथरते, दुपारनंतर अंग गळून जाते आणि आश्चर्य म्हणजे ज्याला आजवर ‘चांगला पाय’ म्हणत आले, तोही दुखू लागला आहे. त्यांचा मुलगा नववीत आहे. त्याला मुंबईला ‘कॉमिक कॉन’ नावाच्या मेळाव्याला बाबांबरोबर जायचे आहे आणि बाबांना गर्दीची धास्ती वाटते आहे.

प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पोलिओचा विषाणू परत येत नाही. पण एवढेच सांगून त्यांना घरी पाठवणे मला जमले नाही. कारण माझ्याही डाव्या पायात कॅलिपर आहे आणि गेल्या वर्षी अशाच एका मेळाव्यात मी स्वतःची चांगलीच फजिती करून घेतली होती. त्यांना जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो. पोलिओ झालेल्यांनी तर हे वाचावेच. पण संधिवात, अर्धांगवायू, मधुमेहामुळे गेलेला पाय, दम किंवा हृदयविकार असलेल्या आईवडिलांनाही यातले पुष्कळसे उपयोगी पडेल.

हा मेळावा म्हणजे काय?

चित्रकथा, कार्टून आणि सिनेमातील पात्रांचे चाहते एकत्र जमतात, त्याला आपण चाहत्यांची जत्राच म्हणू. अमेरिकेत सॅन दिएगो येथे ही जत्रा १९७० पासून भरते. आपल्याकडे पहिले कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत भरले आणि पुढे ते मुंबई, बंगळूर, हैदराबाद या शहरांत पोचले. मुले आवडत्या पात्रांचे कपडे स्वतः शिवून घालून येतात, चित्रकारांना भेटतात, पुस्तके घेतात, वेशभूषेच्या स्पर्धेत उतरतात. आपण साहित्य संमेलनाला ज्या ओढीने जातो, त्याच ओढीने ती तिथे जातात, म्हणून हा पोरखेळ समजू नये.

शरीराच्या दृष्टीने पाहिले तर मात्र ही जत्रा अवघड असते. प्रवेशाची रांग, सामानाच्या तपासणीची रांग, खाण्याची रांग, प्रसाधनगृहाची रांग. आत टणक फरशी, मोठा आवाज, थंडगार वातानुकूलन आणि बसायला जागा कमी. धडधाकट माणूसही संध्याकाळी पाय चोळत घरी येतो. मग आमच्यासारख्यांचे काय?

माझी फजिती

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही जपानी चित्रकथा तिला फार आवडते. २००१ ते २०१० या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचा डावा पाय आणि उजवा हात धातूचा कृत्रिम आहे आणि ते अवयव बनवणारी, दुरुस्त करणारी विन्री नावाची मुलगी त्याची मैत्रीण आहे. माझ्या मुलीने विन्रीचा वेष केला. पुठ्ठ्याचा मोठा पाना बनवून त्याला चंदेरी रंग दिला. दोन महिने हाच उद्योग चालला होता. संध्याकाळी पाच वाजता वेशभूषेची स्पर्धा होती.

नेरूळहून आम्ही लोकलने निघालो. प्रवेशद्वाराशी चाकांची खुर्ची ठेवलेली होती. तिथल्या मुलाने नम्रपणे विचारले, “काका, खुर्ची देऊ का?” मी “नको” म्हणालो. दवाखान्यात हीच खुर्ची मी दुसऱ्यांना लिहून देतो. पण मुलीसमोर खुर्चीत बसायचे? तिच्या मैत्रिणी काय म्हणतील? मी चालत राहिलो. प्रसाधनगृह लांब होते म्हणून पाणीही बेताचेच प्यायलो.

चार वाजायच्या सुमारास डावा गुडघा एकाएकी मुडपला आणि मी एका दुकानासमोर पडलो. हाड मोडले नाही, हे नशीब. पण उभे राहताच पाय कापू लागले. मुलीने स्पर्धा सोडली. टॅक्सीने आम्ही घरी आलो. वाशीचा पूल येईपर्यंत ती पाना मांडीवर घेऊन गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातून उठू शकलो नाही. ती उशाशी येऊन म्हणाली, “बाबा, मी तुला उगाच नेलं.”

पडल्याचे दुखणे चार दिवसांत गेले. हे वाक्य अजून गेलेले नाही. चूक माझी होती आणि तिने ती स्वतःच्या माथ्यावर घेतली होती.

पन्नाशीत ताकद का कमी होते?

याची कारणे समजून घेतली म्हणजे पुढचे उपाय पटतील. पोलिओचा विषाणू दूषित अन्नपाण्यावाटे आणि अस्वच्छ हातांवाटे पोटात जातो. लागण झालेल्या सुमारे दोनशेंपैकी एकालाच लुळेपणा येतो. अशा रुग्णात विषाणू मज्जारज्जूमधील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. पेशी मेली की तिच्या ताब्यातले स्नायूतंतू पोरके होतात. मग शेजारच्या जिवंत राहिलेल्या पेशी नवे फाटे फोडून या पोरक्या तंतूंना आपल्या पंखाखाली घेतात. म्हणूनच पोलिओनंतर काही महिन्यांत पायात पुष्कळशी शक्ती परत येते.

पण एखाद्या कारकुनावर चार जणांचे काम टाकले आणि तो वर्षानुवर्षे तक्रार न करता करत राहिला, तर निवृत्तीच्या आधीच तो थकणार. या पेशींचेही तसेच होते. काही दशके जादा भार वाहिल्यावर त्यांचे फाटे गळू लागतात, असे मानले जाते. नवा अशक्तपणा, लवकर थकवा, स्नायू आणि सांधेदुखी, थंडी सहन न होणे ही त्याची लक्षणे. काहींना झोपेत श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रासही होतो. याला पोलिओपश्चात विकार म्हणतात. पोलिओ झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे २५ ते ४० जणांना तो होतो, असा अंदाज आहे. तो संसर्गजन्य नाही. त्यापासून मुलाबाळांना काहीही धोका नाही.

‘चांगला पाय’ का दुखतो? एखाद्या स्नायूच्या जवळजवळ निम्म्या पेशी नष्ट होईपर्यंत तपासणीत अशक्तपणा सहसा दिसत नाही. म्हणजे ज्या पायाला आपण आयुष्यभर निरोगी समजलो, त्यालाही विषाणूची झळ लागलेली असू शकते. शिवाय दुसऱ्या पायाचे ओझे त्यानेच वाहिलेले असते.

माझा जन्म १९७० चा. पोलिओ झाला १९७२ साली. देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला, पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यामुळे आजच्या तरुण डॉक्टरांनी पोलिओचा नवा रुग्ण पाहिलेलाच नसतो आणि हा पुढचा विकार त्यांच्या चटकन लक्षात येत नाही. आपण होऊन सांगावे की, “मला लहानपणी पोलिओ झाला होता.” शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे, कारण भुलीच्या औषधांचा परिणाम अशा रुग्णांवर जास्त होऊ शकतो.

मात्र प्रत्येक थकवा पोलिओच्या खात्यावर टाकू नये. रक्त कमी असणे, थायरॉइड, मधुमेह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, मणक्याचे विकार, मनाची उदासी यांनीही अशीच गळाठ येते. यातल्या बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात. आधी त्या तपासून घ्याव्यात. दवाखान्यात आलेल्या गृहस्थांचे हिमोग्लोबिन आणि ब-१२ दोन्ही कमी निघाले. त्यावर औषध सुरू केले आहे.

ताकद ही शिल्लक समजा

पोलिओपश्चात विकार मुळापासून बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. उपाय आहे तो ताकदीच्या हिशेबाचा. बँकेच्या पासबुकाप्रमाणे समजा. रोज सकाळी ठरावीक रक्कम खात्यात जमा होते. ती दुपारी एकदम काढली तर संध्याकाळी खाते रिकामे, आणि वर उसने घेतले तर दोन-तीन दिवस व्याजासह फेडावे लागते.

आमच्या पिढीला मात्र उलटे शिकवले गेले. “चाल, आणखी चाल, म्हणजे पाय सुधारेल.” लहान वयात ते बरोबरही होते. शाळेत पोरे ‘लंगड्या’ म्हणायची, म्हणून आम्ही दुप्पट चालून दाखवले. पन्नाशीनंतर तोच हट्ट अंगाशी येतो. व्यायाम बंद करू नये, पण तो थोडा, मध्ये विश्रांती घेत आणि दमायच्या आत थांबवावा. दुसऱ्या दिवशी दुखणे किंवा थकवा उरला तर मात्रा जास्त झाली असे समजावे. पाण्यातला व्यायाम चांगला. वजन वाढू देऊ नये. जुना कॅलिपर बसत नसेल तर बदलावा. मुंबईत हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. तिथे अशा साधनांची तपासणी होते.

आता चाकांच्या खुर्चीविषयी. दूरचे दिसत नाही म्हणून चष्मा लावला तर कोणी “डोळे हरले” म्हणत नाही. खुर्चीचेही तसेच आहे. घरी, दवाखान्यात चालणाऱ्या माणसाने लांबच्या ठिकाणी खुर्ची वापरली म्हणून त्याचे चालणे जात नाही. उलट उरलेली ताकद वाचते. “हे तर उठून उभे राहिले, मग खुर्ची कशाला?” असे कोणी कुजबुजले तर कुजबुजू द्यावे. खुर्ची वापरणारे कितीतरी जण थोडे चालू शकतात.

जाण्यापूर्वी

यंदा आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तयारीने गेलो. काय केले ते क्रमाने सांगतो.

१. पंधरा दिवस आधी आयोजकांना लिहून विचारले: चाकांची खुर्ची मिळेल का? वेगळे प्रवेशद्वार आहे का? सोबतच्या माणसाला तिकीट लागेल का? आधाराचे दांडे असलेले प्रसाधनगृह कुठे आहे? रांगेत बसून थांबता येईल का? सॅन दिएगोच्या मेळाव्यात बधिर आणि अपंग प्रेक्षकांसाठी स्वतंत्र विभागच असतो. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी तसे असेलच असे नाही, म्हणून विचारावे लागते. विचारायला लाजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असे सांगितले आहे आणि करमणुकीत सहभागी होण्याचा हक्कही त्यात मानला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयीचे निकष नुसते शिफारशीचे न ठेवता बंधनकारक करावेत, असा आदेश केंद्र सरकारला दिला.

२. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र बरोबर घेतले. खुर्ची मिळाली नाही तर पंचाईत नको, म्हणून औषधांच्या सामानाच्या दुकानातून एक भाड्याने आणली.

३. आदल्या दोन दिवशी संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवून विश्रांती घेतली.

४. मुलीबरोबर बसून तीनच गोष्टी ठरवल्या: एका चित्रकाराची भेट, पुस्तकांची खरेदी आणि स्पर्धा. बाकीचे जमले तर.

५. तिच्या मावशीला बरोबर घेतले. हे फार महत्त्वाचे. आपल्या मुलाला आपला परिचारक करू नये. खुर्ची ढकलण्याचे काम मोठ्या माणसाचे. मुलाने हौसेने दहा मिनिटे ढकलली तर कौतुक करावे, पण त्याचा दिवस त्याला मिळाला पाहिजे.

तिथे गेल्यावर

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. पण परतीच्या वेळी उभे राहण्याचीही ताकद उरत नाही. म्हणून जाताना लोकल आणि येताना टॅक्सी असा बेत केला. खर्च झाला. पण गेल्या वर्षीचे चार दिवस बंद राहिलेल्या दवाखान्याचे नुकसान त्याहून मोठे होते.

पाणी तोडू नये. प्रसाधनगृहाच्या भीतीने आमच्यापैकी पुष्कळ जण दिवसभर तहानलेले राहतात. त्यातून चक्कर, लघवीची जळजळ, मूतखडा असे त्रास उद्भवतात. आल्याबरोबर प्रसाधनगृह पाहून ठेवावे आणि घोट घोट पाणी पीत राहावे. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नये, जवळ साखर ठेवावी.

पोलिओच्या पायात रक्ताभिसरण मंद असते. वातानुकूलनात तो गार आणि निळसर पडतो आणि गारठलेला स्नायू नीट काम करत नाही. मी दोन मोजे आणि गुडघ्यावर शाल घेतली होती. कॅलिपर किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्यांनी दुपारी एकदा एकांतात तो काढून त्वचा पाहावी. लाल चट्टा पंधरा-वीस मिनिटांत फिका पडला नाही तर तो पुन्हा चढवू नये. ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे, त्यांनी तर हे विसरूच नये, कारण त्यांना दुखतच नाही.

तासाभराच्या फिरण्यानंतर वीस मिनिटे कोपऱ्यात शांत बसावे. दमल्यावर बसलेल्या विश्रांतीपेक्षा दमण्यापूर्वीची विश्रांती जास्त कामाची. आणि हरवलो तर कुठे भेटायचे ती जागा मुलाला आधीच दाखवून ठेवावी.

आता धडधाकट वाचकांसाठी दोन शब्द. न विचारता कोणाच्या खुर्चीला हात लावू नये. माणूस खुर्चीत असला तरी बोलणे त्याच्याशी करावे, ढकलणाऱ्याशी नव्हे. त्या दिवशी एका विक्रेत्याने मेहुणीला विचारले, “यांना कोणतं पुस्तक हवंय?” यांना बोलता येत होते.

मुलांशी बोलावे

गेल्या वर्षीच्या त्या वाक्यानंतर मी मुलीला समोर बसवून वर लिहिलेले सगळे, मज्जापेशींचे चित्र काढून, समजावून सांगितले. सोळा वर्षांत ते कधी सांगितले नव्हते. पँटखाली कॅलिपर झाकून ठेवला तसेच तेही झाकून ठेवले होते. आपण बोललो नाही की मुले स्वतःच कारण शोधतात आणि बहुतेक वेळा दोष स्वतःला देतात. म्हणून लहान मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे: “माझा पाय दमतो. तुझ्यामुळे नाही. दमला की मी बसतो. तू खेळ.”

सगळे ऐकून ती म्हणाली, “बाबा, मग कॅलिपर पँटच्या वरून घाल ना. आमच्या गोष्टीत तो लपवायचा नसतो.”

मी घातला. आमच्या सौ. हसल्या, पण त्यांनीच त्याचे पट्टे पॉलिश करून दिले. मेळाव्यात एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, हा पाय कशापासून बनवला?” त्याला वाटले, मीही वेष करून आलो आहे. मी म्हटले, “अरे, हा खरा आहे.” तो क्षणभर ओशाळला आणि मग त्याने अगदी बारकाईने सांध्याची रचना विचारून घेतली.

पाच वाजता मुलगी मंचावर गेली. बक्षीस मिळाले नाही. मी पहिल्या रांगेच्या कडेला खुर्चीत बसून सगळे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपून राहिलो आणि संध्याकाळी दवाखाना उघडला.

त्या गृहस्थांना मी खुर्चीच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला आहे. पुढच्या मेळाव्याला अजून अवकाश आहे. तोवर त्यांचे हिमोग्लोबिन वाढेल. मुलाशी बोलण्यासाठी मात्र थांबू नका, आजच बोला, असे मी त्यांना सांगितले.